कोकण किनारपट्टीवरील उष्णतेच्या लाटा आणि ज्येष्ठांचे आरोग्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात राहणारे ज्येष्ठ नागरिक, त्यांचे घरचे लोक आणि शेजारी फाल्गुन ते ज्येष्ठ या महिन्यांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. ज्यांना हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा आजार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

कोकणात खरोखर उष्णतेची लाट येते का? ती तर विदर्भात येते ना?

येते, आणि बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा लवकर येते. भारतीय हवामान विभागाचे निकष प्रदेशानुसार वेगळे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीवर मात्र ३७ अंश किंवा त्याहून अधिक तापमान आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त, एवढे पुरेसे असते. समुद्रामुळे आपल्याकडचे सरासरी तापमान मुळातच कमी असल्याने येथील माणसाचे शरीर, घरे आणि दिनक्रम तेवढ्याच उष्णतेला सरावलेले असतात, हे त्यामागचे कारण.

मार्च महिना विशेष जपण्याचा असतो. एरवी सकाळी दहा-अकराच्या सुमारास समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात आणि पारा आवरतात. मार्चमध्ये मात्र काही दिवस पूर्वेकडून, सह्याद्रीपलीकडच्या तापलेल्या जमिनीवरून कोरडे वारे जोराने येतात, खाऱ्या वाऱ्यांना दुपारपर्यंत अडवून धरतात आणि तापमान एक-दोन दिवसांतच झपाट्याने चढते. हिवाळा नुकताच संपलेला असल्याने शरीराला उन्हाची सवय झालेली नसते. खलाटीपेक्षा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सखल पट्ट्यापेक्षा, वलाटीत, म्हणजे सह्याद्रीकडच्या आतल्या भागात, हा ताप अधिक जाणवतो. रायगड जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथे मार्च २०१७ च्या अखेरीस ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते.

तापमान ३३-३४ अंशच असते, तरी जीव नकोसा होतो. हा नुसता उकाडा आहे की धोका?

तो धोका ठरू शकतो. घाम आल्याने शरीर थंड होत नाही. घाम वाळल्याने होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम अंगावरून ओघळतो, पण वाळत नाही, त्यामुळे शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात आणि उष्णता मात्र आतच राहते. तापमान ३४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर सावलीत बसलेल्या माणसाच्या शरीराला सुमारे ४२ अंशांइतका ताण जाणवतो. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी केवळ तापमानाचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या मोठ्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी त्या परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. पाऱ्याने चाळिशी गाठली नाही म्हणून भय नाही, हा समज किती महागात पडतो हे त्या दिवसाने दाखवले.

रात्रीचाही विचार करावा लागतो. किनाऱ्यावर रात्री हवा फारशी निवत नाही, स्लॅब आणि भिंती दिवसभर शोषलेली उष्णता सोडत राहतात आणि हृदयाला विश्रांती मिळत नाही. सलग दोन-तीन रात्री अशा गेल्या की तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हातारे माणूस कोसळते, आणि घरच्यांना वाटते की कालपर्यंत तर ठणठणीत होते.

वय झाल्यावर उष्णता जास्त का बाधते?

वयानुसार घामग्रंथींचे काम मंदावते, त्वचेकडे रक्त नेऊन उष्णता बाहेर टाकण्याची हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची क्षमता कमी होते, मूत्रपिंडे पाणी राखून ठेवण्यात पूर्वीइतकी तरबेज राहत नाहीत आणि शरीरातील पाण्याचा एकूण साठाच घटलेला असतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट एकटी असती तर निभावून नेता आली असती.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तहान. साठी-पासष्टीनंतर मेंदूला पाण्याची कमतरता उशिरा आणि अस्पष्टपणे कळते. घरात कोणी म्हणाले, ‘मला तहान नाही’, तर ते खोटे बोलत नसतात. त्यांना ती खरोखरच लागलेली नसते. म्हणून तहानेची वाट न पाहता वेळेवर पाणी देणे, हा या संपूर्ण विषयातील पहिला नियम आहे.

‘आमचा जन्म उन्हात गेला, आम्हाला सवय आहे,’ असे वडील म्हणतात. त्यांना काय सांगावे?

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करावे. नियमितपणे उन्हात काम करणाऱ्याचे शरीर आठवडा-दोन आठवड्यांत उष्णतेशी काही प्रमाणात जुळवून घेते. पण ही सवय कायमची नसते. काही आठवडे घरात काढले की ती ओसरते, आणि वयोमानाने ती पूर्वीइतकी येतही नाही. चाळिसाव्या वर्षी भर उन्हात भाजावळ (पेरणीपूर्वी शेत भाजण्याचे काम) करणारा माणूस पंचाहत्तराव्या वर्षी, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेऊन, तेच करू शकेल असे नाही.

आमच्या अनुभवात वाद घालण्यापेक्षा वेळ बदलण्याची विनंती अधिक फळते. ‘बाबा, तुम्ही बागेत जाऊ नका’ हे त्यांना पटणारे नाही, आणि काम हातातून काढून घेतलेले त्यांच्या मनालाही लागते. ‘बाबा, साडेसहाला जाऊन नऊला परत या, उरलेले मी संध्याकाळी बघतो’ हे बहुतेक वेळा मान्य होते.

दिवसभरात किती पाणी प्यावे?

डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली नसेल, तर एरवी दिवसाला सुमारे दीड ते दोन लिटर आणि लाटेच्या दिवसांत त्याहून काहीसे अधिक पेय पोटात जावे. एकदम दोन-तीन पेले प्यायला लावू नये; जागे असेपर्यंत तासाला एक लहान पेला, एवढे पुरते. चहाही यात मोजायला हरकत नाही, फक्त दिवसाचे सगळे पाणी चहातूनच जाऊ नये.

मोजमाप दिसेल असे ठेवावे. सकाळी एक लिटरचा तांब्या भरून त्यांच्या बसण्याच्या जागेशी, हाताच्या अंतरावर ठेवावा आणि दुपारच्या जेवणापर्यंत तो रिकामा झाला का ते स्वतः झाकण काढून पाहावे. पुष्कळ घरांत तीन वाजता झाकण उघडले तर पाणी काठोकाठ असते आणि त्यावर सकाळी ठेवलेले फुलपात्र कोरडे असते, तरी ‘पाणी प्यायलीस ना?’ या प्रश्नाला सकाळपासून ‘हो’ हेच उत्तर मिळत आलेले असते.

पाणी न पिण्यामागे पुष्कळदा एक कारण असते जे सहसा सांगितले जात नाही. गुडघे दुखत असतात, संडास परसात असतो, पायऱ्या उतरून जावे लागते, वाटेत पडण्याची धास्ती असते. म्हणून लघवीला कमी जावे लागावे यासाठी जाणूनबुजून पाणी टाळले जाते. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते, त्या वाड्यांत तर सुनेला पाणी वाहावे लागू नये म्हणून सासू पाणी कमी पिते. अशा ठिकाणी उपदेशाचा उपयोग नाही. रात्रीसाठी खोलीत भांडे, खुर्चीखाली बसणारे कमोड, भिंतीला धरायला दांडा आणि पिण्याच्या पाण्याचा वेगळा राखीव हंडा यांची सोय केली की पाणी आपोआप वाढते.

कोकम सरबत, शहाळे, ताक, ओआरएस यांपैकी काय द्यावे?

साध्या पाण्याइतके चांगले दुसरे काही नाही; बाकीची पेये त्याच्या जोडीला आहेत. आपल्याकडची सकाळची पेज हा एक उत्तम आहार आहे. उकड्या तांदळाच्या मऊ पेजेत पाणी, मीठ आणि सहज पचणारे अन्न एकत्र मिळते आणि दात नसलेल्या माणसालाही ती घेता येते. जी घरे पेज सोडून चहा-बिस्किटांकडे वळली आहेत, त्यांनी निदान उन्हाळ्याचे तीन महिने तरी ती पुन्हा सुरू करावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. ताक, नाचणीची आंबील, सोलकढी आणि कैरीचे पन्हेही चांगले.

काही ठिकाणी सावधगिरी हवी. बाजारातील कोकम सरबताच्या पाकात साखर भरपूर असते. मधुमेह असलेल्यांनी बिनसाखरेचे, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) पाण्यात मिसळून केलेले पेय घ्यावे, मात्र आगळात मीठ असते हे रक्तदाबाच्या रुग्णांनी लक्षात ठेवावे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम पुष्कळ आणि सोडियम कमी असते. निरोगी माणसाला रोज एखादे शहाळे चालते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे सुरू असलेल्यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण रक्तातील पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात.

ओआरएस हे रोजचे सरबत नव्हे. खूप घाम गेला असेल, जुलाब-उलट्या झाल्या असतील किंवा थकवा व पायात गोळे येत असतील, तेव्हा ते द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेली २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवावी. अर्धी पुडी पेल्यात टाकून अंदाजाने केलेले पाणी फार खारट होते. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. आरोग्य उपकेंद्रात आणि आशाताईंकडे पुड्या मोफत मिळतात. दारू व माडी या दिवसांत पूर्ण टाळावी.

हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे. मग काय करावे?

हा प्रश्न उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच, फेब्रुवारीतील तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारून ठेवावा: ‘लाटेच्या दिवसांत पाणी किती वाढवू आणि लघवीची गोळी कमी करायची का?’ त्यांनी दिलेला आकडा कागदावर लिहून घ्यावा. त्यासोबत रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करावे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, पायावर सूज आली किंवा आडवे पडल्यावर धाप लागली तर पाणी साठत आहे. उलट वजन तितकेच घटले, जीभ कोरडी पडली आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर पाणी कमी पडत आहे. दोन्ही प्रसंगी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

पाण्यावर मर्यादा असलेल्या माणसाला बाहेरून थंड ठेवण्यावर अधिक भर द्यावा. ओल्या फडक्याने अंग पुसणे, हात कोपरापर्यंत साध्या पाण्यात बुडवून बसणे, मानेवर ओला पंचा ठेवणे यांमुळे पोटात एक थेंबही न जाता उष्णता उतरते.

रोजची औषधे उष्णतेत त्रास देतात का?

काही देतात. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड यांसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणी आणि क्षार कमी करतात. एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे, पाणी कमी पडलेल्या स्थितीत, रक्तदाब फार उतरू शकतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल ही औषधे हृदयाचा वेग वाढू देत नाहीत, त्यामुळे त्वचेकडे रक्त कमी पोहोचते. कंपवातासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दी-खाजेसाठी घेतले जाणारे क्लोरफेनिरामाइन आणि मानसिक आजारांवरील काही औषधे घाम कमी करतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे पाणी नेतात. लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तात पाणी कमी झाल्यास औषधाची पातळी वाढून विषबाधा होऊ शकते.

यांपैकी एकही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. रक्तदाबाची गोळी अचानक सोडल्याने होणारा अपाय उष्णतेपेक्षाही मोठा असू शकतो. सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे न्यावीत आणि उन्हाळ्यापुरता काही बदल हवा का ते विचारावे. स्वतःहून एक गोष्ट मात्र अवश्य टाळावी: गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या. लघवीची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि ही वेदनाशामक गोळी यांची गाठ कडक उन्हाळ्यात पडली, तर मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

इन्सुलिनची वापरात असलेली कुपी साधारणपणे ३० अंशांच्या आत राहायला हवी. फ्रीज नसेल तर कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी आणि वाळू दोन्ही वेळा भिजवावी.

घर थंड कसे ठेवावे? पंखा, कूलर की एसी?

प्रथम घर कसले आहे ते पाहावे. जांभ्याच्या जाड भिंती, उंच कौलारू छप्पर आणि मधले माजघर असलेली जुनी घरे दुपारी बरीच सुसह्य असतात. पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबखालच्या खोल्या संध्याकाळी सर्वाधिक तापतात. घरातील ज्येष्ठांची दुपारची जागा ओटीवरून माजघरात हलवावी आणि स्लॅबचे घर असेल तर झोपण्याची खोली वरच्या मजल्यावरून खाली आणावी. पत्र्यावर नारळाच्या झापांचे आच्छादन आणि स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, हे दोन स्वस्त उपाय बराच फरक पाडतात. छपरावर चढण्याचे काम मात्र तरुणांनी करावे.

खिडक्यांचे गणित वाऱ्यावर अवलंबून आहे. सकाळपासून पूर्वेचा कोरडा, गरम वारा सुटला असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद करून पडदे ओढावेत. दुपारी खारा वारा आला की पश्चिमेकडील खिडक्या उघडाव्यात. पहाटे मतलई वारे (जमिनीकडून समुद्राकडे जाणारे) वाहत असताना सारे घर उघडे ठेवावे.

पंख्याबाबत एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. खोलीतील हवा ४० अंशांच्या जवळ गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो आणि शरीर तापवतो. त्याहून कमी तापमानात तो उपयोगी आहे, आणि अंग किंवा कपडे ओले करून पंख्याखाली बसल्यास तो पुष्कळच उपयोगी ठरतो, कारण म्हाताऱ्या त्वचेला जो घाम पुरेसा येत नाही त्याची जागा ते पाणी घेते. पाण्यावर चालणारा कूलर विदर्भात, मराठवाड्यात चांगला. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो खोलीतील बाष्पच वाढवतो, त्यामुळे त्यावर पैसे घालू नयेत. एसी असल्यास २६-२७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. वीजबिलाच्या भीतीने एसी बंद ठेवला जातो, तेव्हा मुलांनी ते बिल आपण भरत असल्याचे स्पष्ट सांगावे.

बेगमीची कामे, शिमगा, लग्ने हे सारे उन्हाळ्यातच येते. ते कसे टाळणार?

टाळायचे नाही, वेळ आणि जागा बदलायची. पावसाळ्याची बेगमी ही घरातील ज्येष्ठ स्त्रीची जबाबदारी आणि तिचा मानही असतो. रातांबे (कोकमाची फळे) फोडून आमसुले वाळत घालणे, आंब्या-फणसाची साठे घालणे, मिरच्या पसरणे, मासे सुकवणे यांसाठी कडक ऊन लागते, पण ऊन पदार्थाला लागते, माणसाला नव्हे. पसरण्याचे काम आठपूर्वी करावे, उलथापालथ पडवीतून हात पोहोचेल अशा सुपांत किंवा हलवता येणाऱ्या चटयांवर करावी आणि कावळे हाकायला आजींऐवजी मुलांना बसवावे. सुट्टीला आलेल्या नातवंडांना ते काम आवडते.

शिमग्यातील पालखी नेमकी मार्चच्या उष्ण दिवसांत घरोघरी येते. अनवाणी, उपाशीपोटी आणि दुपारच्या वेळी पालखीसोबत चालणाऱ्या वृद्धांसाठी वाटेवर सावली, पाणी आणि बसायला बाक यांची व्यवस्था मानकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी आधीच ठरवावी. लग्नाचा मुहूर्त दुपारचा असेल तर पत्र्याच्या मंडपात तीन तास बसण्यापेक्षा ज्येष्ठांनी अक्षता टाकून लवकर निघावे. यजमानांनी याचे वाईट वाटून घेऊ नये.

उपवास किंवा रोजा करावा का?

फळे, ताक, पाणी चालणारा उपवास प्रकृती ठीक असल्यास करता येतो. निर्जळी उपवास लाटेच्या दिवसांत ज्येष्ठांनी करू नये. रमजानच्या रोज्यातून आजारी आणि अशक्त वृद्धांना धर्मातच सूट आहे. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांशी आणि मौलवींशी आधी बोलून निर्णय घ्यावा.

त्रास होऊ लागला आहे हे कसे ओळखावे?

थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, उठताना चक्कर, गडद पिवळी किंवा फार थोडी लघवी ही सुरुवातीची चिन्हे आहेत. हाताची कातडी चिमटीत धरून पाहण्याची पद्धत वृद्धांमध्ये भरवशाची नाही, कारण त्यांची कातडी एरवीही सैल असते. त्याऐवजी जीभ आणि काख पाहावी: जीभ चरचरीत कोरडी व चिरा पडलेली आणि काख पूर्ण कोरडी असेल तर पाणी कमी पडले आहे असे समजावे.

सर्वांत गंभीर खूण वागण्यातील बदल ही आहे. एरवी नीट बोलणारी व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, नावे चुकू लागली, चिडचिड करू लागली, सारखी झोपू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. अंग तापलेले आणि त्यासोबत भान हरपत चाललेले, हा उष्माघात आहे असे गृहीत धरूनच पुढची पावले उचलावीत. उष्माघातात घाम थांबतोच असे नाही. अंग ओले असले तरी तो असू शकतो.

उष्माघात झाला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावे?

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत एक क्षणही वाया न घालवता अंग थंड करण्यास सुरुवात करावी. कोकणातील वळणांच्या रस्त्यांवर, खाडीपलीकडच्या किंवा डोंगरावरच्या वाडीत गाडी पोहोचायला वेळ लागतो आणि ग्रामीण रुग्णालय तिथून आणखी दूर असते. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि ते जितका वेळ वर राहील तितकी मेंदूची, मूत्रपिंडांची आणि यकृताची हानी वाढते. म्हणून रुग्णाला गाडीत घालून धावण्याआधी त्याच्यावर पाणी ओतणे हे योग्य उपचारच आहेत.

सावलीत किंवा न्हाणीघरात आडवे करावे, जादा कपडे काढावेत, विहिरीचे गार पाणी डोक्यापासून पायापर्यंत तांब्याने सतत ओतावे आणि एकाने सुपाने, पुठ्ठ्याने किंवा पंख्याने वारा घालावा. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघा येथे ठेवावा. मासळीच्या धंद्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांत बर्फ लवकर मिळतो, त्याचा उपयोग करून घ्यावा. गाडीतही ओली फडकी व वारा चालू ठेवावा.

शुद्ध नसलेल्या किंवा गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण तो संसर्गाचा ताप नव्हे. कांद्याचा रस तळपायांना चोळण्यात वेळ घालवू नये.

आम्ही मुंबईत, आईवडील गावी. दुरून काय करता येईल?

बरेच काही. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते आणि त्यांतील अनेक जण एकटे राहत होते. चाकरमान्यांच्या गावांमागून गावे आज दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरांनी भरलेली आहेत, त्यामुळे हा इशारा आपल्यासाठी परका नाही.

लाटेच्या दिवसांत रोज दोन फोन करावेत, एक सकाळी दहाच्या सुमारास आणि एक संध्याकाळी पाचच्या सुमारास. ‘कशी आहेस?’ असे विचारल्यास ‘बरी आहे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी विचारावे: ‘आई, आता कुठे बसली आहेस? तांब्यात पाणी किती उरले आहे? सकाळपासून लघवीला किती वेळा गेलीस? जेवलीस काय?’ उत्तरांच्या मजकुराइतकेच बोलण्याच्या ढंगाकडे लक्ष द्यावे. शब्द अडखळत असतील, तोच प्रश्न ती पुन्हा विचारत असेल, तर शेजाऱ्याला लगेच पाठवावे.

त्यासाठी शेजारी आधी ठरलेला हवा. वाडीतील एका घराशी बोलून ठेवावे, घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्यावी, औषधांची यादी आणि डॉक्टरांचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा आणि आशाताईंना घरात एकटे ज्येष्ठ असल्याचे कळवावे. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून जिल्हावार पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा दिला जातो. ‘सचेत’ हे अ‍ॅप मोबाइलवर घेतल्यास आपल्या गावच्या जिल्ह्याचा इशारा मुंबईत बसूनही मिळतो. मदतीसाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ ही आहे.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा विस्मरण झालेल्या व्यक्तीची काळजी कशी घ्यावी?

त्यांना स्वतः पाणी घेता येत नाही आणि उकडते आहे हे सांगताही येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी घड्याळ लावून पाणी द्यावे. ठसका लागत असेल तर पेज किंवा दाटसर ताक चमच्याने, पाठ उंच करून द्यावे. अंगाखालचे प्लास्टिक घाम अडवते आणि पाठीला जखमा होतात. त्यावर जाड सुती चादर घालून ती दिवसातून दोनदा बदलावी. विस्मरण झालेले आजोबा कडक उन्हातही स्वेटर घालून बसतात किंवा दुपारी घराबाहेर पडतात, म्हणून जाड कपडे नजरेआड ठेवावेत आणि बेड्याची (कुंपणातील वाटेची) आडवी काठी किंवा फाटकाची कडी दुपारी लावून घ्यावी. त्यांना खोलीत एकटे कोंडून बाहेर जाऊ नये.

वीज गेली तर?

वळवाच्या वादळात कोकणात तासन्‌तास वीज जाते. पाणी भरून ठेवावे, फोन चार्ज असू द्यावा, ओले पंचे आणि हातपंखे तयार ठेवावेत आणि वीज येईपर्यंत ज्येष्ठांना घरातील सर्वांत थंड जागी, शक्य असल्यास शेजारच्या कौलारू घरात न्यावे. ऑक्सिजन यंत्रावर असलेल्यांसाठी भरलेला सिलिंडर किंवा रुग्णालयात हलवण्याची सोय आधीच हवी.

लाट ओसरली, आता काळजी संपली का?

लगेच नाही. उष्णतेने झालेली हानी काही दिवस मागे राहते. लाटेनंतरच्या आठवड्यात भूक गेली, लघवी कमी झाली, पाय सुजले, छातीत दुखले किंवा सारखी चक्कर आली तर रक्तदाब आणि रक्ताची, विशेषतः क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी. लाटेपुरती कमी केलेली औषधे पूर्ववत करायची का, हे डॉक्टरांना विचारायला विसरू नये. पावसाला सुरुवात झाली तरी कमी केलेली गोळी तशीच चालू राहिल्याने पुढे पायांवर सूज आणि धाप घेऊन आलेले रुग्ण दिसतात. ज्यांना एकदा उष्माघात झाला आहे त्यांना पुन्हा होण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे ही नोंद त्यांच्या दवाखान्याच्या कागदावर ठळकपणे लिहून घ्यावी.